डबल जीन

“तीन झाली तर झाली. पाजायला वहिनी हायती की घरी.”

तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर बोलत होते. मी आत मोरीत कोकरांच्या बाटल्यांची रबरी बुचं धूत बसले होते. आणि ज्या वहिनी घरी होत्या त्या माझ्या मागे गॅसपाशी उभ्या राहून दूध कोमट करत होत्या. ती माझी आई. तात्यांचा आवाज असा आहे की फोन नसता तरी पलीकडच्या माणसाला ऐकू गेला असता. आईनं पातेल्यात बोट बुडवलं, “जास्त तापलं,” म्हणाली, गॅस बंद केला आणि दूध निवेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर आमची स्कूटी उभी होती. तिच्या चाकाला अंग घासत आईची बाटलीवरची कोकरं भुकेनं ओरडत होती.

फोन मेंढ्याबद्दल होता. आमच्याकडे जुळी देणाऱ्या मेंढ्यांचा कळप आहे, आणि तात्यांना आता जुळ्यांचा कंटाळा आला होता. त्यांना तिळी हवी होती. त्यासाठी त्यांनी डबल जीनचा मेंढा हेरून ठेवला होता.

जीन हा शब्द आमच्या वस्तीवर कसा आला ते सांगायला हवं.

न्हावरे-चौफुला रस्त्यापासून आत, उसाच्या फडांमागे आमची वस्ती. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरंच होती. पावसाळा सोडला तर घरातली निम्मी माणसं कायम चालत असत. मग आजोबांनी जमीन केली, पाणी आलं, ऊस आला, कांदा आला आणि मेंढरं गेली. पुढच्या पिढीला तर मेंढपाळ म्हटलेलंही आवडेनासं झालं. सोयरिकीच्या बैठकीत आम्ही कुठल्याशा सरदाराच्या घोडदळातले निघतो. सरकारी योजनेच्या बैठकीत पिढीजात मेंढपाळ. दोन्ही बैठकांत बोलणारे तात्याच असतात. अशात तात्यांनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि दख्खनी मेंढ्या परत आल्या. फरक एवढाच की आता ती मेंढरं नव्हती, ‘शीप फार्म’ होतं. मेंढरांमागं चालायची लाज वाटते. शीप फार्मच्या गेटला टेकून फोटो काढायला काही वाटत नाही.

पहिला मेंढा पिकअपमधून उतरला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वस्तीवरची सगळी माणसं बघायला जमली. फळी खाली पडली आणि आतून जे बाहेर आलं ते आमच्या दख्खनी मेंढीच्या पोटाखालून निघून जाईल एवढं होतं. कान आखूड, पाय आखूड, चेहरा नुकताच कुणीतरी रागावल्यासारखा.

“एवढंसं?” शेजारचे आबा म्हणाले. “आवं तात्या, ह्ये पिल्लू हाय. ह्याचा बाप गाडीतच ऱ्हायला काय बघा.”

“आकारावर जाऊ नका आबा. ह्याला जीन हाय.”

आबांनी मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला. “कुठं हाय?”

“आतमदी आस्ती.”

“आतमदी जीन? आरं, जीन पाठीवर टाकत्यात. घोड्याला. आन् ह्याच्यावर बसणार कोन, तुमी?”

तिथून पुढं त्या मेंढ्याचं नाव जीनवाला पडलं. वस्तीवरच्या निम्म्या लोकांना खोगीर वाटलं, निम्म्यांना पोरं घालतात ती पँट. रक्तातली एक गोष्ट, जी आईबापांकडून लेकरात येते, ती जीन, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती तिथं होती. ती बारावीला बायोलॉजीत बऱ्यापैकी मार्क मिळवून ओसरीच्या खांबाआड उभी होती.

मी बोलत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. मला पहिलीपासून शिरूरला इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, “होमवर्क आहे का?” मी म्हटलं, “हाय.” बाई म्हणाल्या, “टीचरला हाय नाही म्हणायचं. गुड मॉर्निंग म्हणायचं.” मी गुड मॉर्निंग म्हटलं. बाईंनी पुन्हा विचारलं, होमवर्क आहे का. मी पुन्हा हाय म्हटलं. त्या दिवशी मला कोपऱ्यात उभं केलं, का ते मला कळलं नाही, आणि वर्ग का हसला तेही. मग मी हट्टानं ‘आहे’ शिकले. तो ‘आहे’ घेऊन घरी आले तर वस्ती हसली. “आहेऽऽ” असं लांबवून तात्या मला अजून चिडवतात. त्यामुळे शाळेत आणि घरी दोन्हीकडे मी मान हलवून काम भागवायला शिकले. मानेला मीडियम नसतं.

जीनवाल्याला आमच्या दख्खनी मेंढ्यांवर सोडलं. तात्यांनी गावभर सांगून ठेवलं, आता एकेकीला दोन-दोन. पाच महिन्यांनी मेंढ्या व्यायल्या. एकेकीला एक-एक. तात्यांनी जिथून मेंढा आणला तिथं फोन लावला आणि “आमाला जीन काढून घेतल्याला मेंढा दिला” अशी तक्रार केली. तिकडच्या माणसानं काय सांगितलं कोण जाणे, तात्यांचा चेहरा आणखीच गोंधळलेला झाला.

मी जेवताना आईला हळूच सांगितलं. मेंढ्याचा तो गुण त्याच्यापासून व्यायलेल्या मेंढीत दिसत नाही. तो त्याच्या लेकीत उतरतो. लेकी मोठ्या झाल्या, त्या व्यायल्या, की त्यांना जुळी होतील. आईनं ते ताटावरूनच तात्यांकडे पोचवलं.

तात्यांनी घास थांबवला. “म्हंजी करायचं ह्यानं आन् निस्तरायचं पोरींनी?”

“मंग आपल्यात काय येगळं हाय?” आई म्हणाली आणि त्यांना भाकरी वाढली.

लेकी मोठ्या झाल्या. व्यायल्या. आणि खरंच, एकेकीच्या मागे दोन-दोन धडपडणारी, ओली, काळपट कोकरं दिसायला लागली. ज्या दिवशी पहिली जुळी झाली त्या दिवशी तात्यांनी न्हावऱ्यातून पेढे आणले. मेंढीपुढे भंडारा उधळला. मेंढी शिंकली. आबा येऊन बघून गेले आणि म्हणाले, “खोगीर भारी निघालं.”

यश आलं की माणूस मूळ शोधायला लागतो. तात्यांनी रस्त्यावर बोर्ड लावायचं ठरवलं आणि मजकूर माझ्याकडून तपासून घ्यायला आले. ‘ऑस्ट्रेलियन जातिवंत मेंढ्या मिळतील.’ खाली कांगारूचं चित्र. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जुळ्यांची जीन ऑस्ट्रेलियाची.

मी त्याबद्दल वाचलं होतं. वाचणं हे माझं न बोलण्याचं दुसरं टोक. ती मेंढी मूळची बंगालची. तिथं तिला गारोळ म्हणतात. सुंदरबनाच्या चिखलात, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. पायाचे खूर कुजत नाहीत, अंग वाढत नाही, पण एका वेतात दोन आणि कधी तीन. दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याहून अशा काही मेंढ्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. तिकडच्या लोकरवाल्या मेंढ्यांत त्या मिसळल्या, विसरल्या गेल्या, आणि पुष्कळ वर्षांनी एका कळपात फार जुळी-तिळी होतात हे पाहून तिथले शास्त्रज्ञ चक्रावले. शोधत शोधत धागा परत बंगालपर्यंत आला. आमचा जीनवाला तर त्या जहाजावरही नव्हता. त्याचे पूर्वज बंगालमधून थेट आपल्याकडे आले आणि आपल्या दख्खनीत मिसळले. ऑस्ट्रेलियाला गेले ते त्याचे चुलत-चुलत कुणीतरी. पण एक नातेवाईक परदेशी असला की सगळं घराणंच फॉरेनचं, हा नियम आमच्याकडे माणसांनाही लागू आहे.

हे सगळं मला माहीत होतं. त्यातलं मी मोठ्यानं इतकंच म्हणाले, “बंगालची आहे.”

“आहेऽऽ,” तात्या म्हणाले. “मॅडम, बोर्डावर बंगाली लिवलं तर लोकं काय समजत्याल? दौंडच्या यस्टी स्टँडवर पत्रकं चिकटवल्याली बघितली का? बंगाली बाबा. घरगुती भांडणं, वशीकरण, चोवीस तासांत रिझल्ट. तसली गिऱ्हाइकं यायला लागत्याल दारात.”

कांगारू लागला. अजून आहे. एका पावसाळ्यात त्याची शेपटी धुऊन गेली, त्यामुळे तो आता उभ्या सशासारखा दिसतो.

बोर्डावर एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, आणि ती सगळ्यांत आधी आईला कळली. दोन कोकरं झाली म्हणून मेंढीचं दूध दुप्पट होत नाही. दोघांचं कसंबसं भागतं. पण दहा-बारा मेंढ्यांत एखादीला तीन व्हायचीच. मग तिसरं, जे हटकून सगळ्यांत किडकिडीत, ते मागे उभं राहून बघत राहायचं. धडका मारून आत शिरायला जायचं आणि भावंडांच्या लाथा खाऊन परत यायचं. आई त्याला उचलून घरात आणायची. पहिला चीक मेंढीचा पिळून वाटीनं, मग गाईचं दूध, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत, चोखायचं रबरी बूच लावून. दिवसातून चार-पाच वेळा. बाटली वर धरायची, पण फार वर नाही, नाहीतर दूध नाकात जातं. एका वेळी दोन हातांत दोन बाटल्या, तिसरी गुडघ्यांत.

थंडीत ही कोकरं कुडकुडायची. माझी एक जीन होती, पुण्याला परीक्षेला जाताना घातलेली आणि वस्तीवर कधीच न घातलेली. एके दिवशी ती दोरीवर दिसेना. आईनं तिचे दोन्ही पाय कापून, पुढच्या पायांसाठी भोकं पाडून, दोन कोकरांना अंगरखे शिवले होते. आबा आले, बघितलं आणि तात्यांना हाक मारली. “तात्या, आज दिसली बरं का जीन. आतमदी नसती, वरूनच आस्ती.”

तात्या हसले. तात्या वाईट माणूस नाहीत. ते हसतात, पेढे आणतात, आणि मेंढी अडली तर शर्टाच्या बाह्या वर सारून मदतही करतात. फक्त कोकरू बाहेर आलं की त्यांच्या मते काम संपतं. काकू मुलांच्या शाळेसाठी हडपसरला राहतात. माझे वडील रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातात, आणि घरी असतात तेव्हा झोपलेले असतात किंवा नुकतेच उठलेले. राहता राहिली आई. ‘वहिनी हायती की घरी’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला आमच्या शेडच्या आराखड्यातच काढलेलं असावं असं वाटतं. इथं गव्हाण, इथं पाण्याची टाकी, इथं वहिनी.

आईला त्या वर्षी स्कूटी शिकायची होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. एकदा मी न्हावऱ्याहून आले, स्कूटी लावली, तर ती आली आणि हँडलवर हात ठेवून म्हणाली, “ह्येचं ब्रेक कुठलं?” मी दाखवलं. “आन् पळतीय कशानं?” मी तेही दाखवलं. मग म्हणाली की तिला स्वतः बाजारला जायचं आहे. तात्या बाजार आणतात तेव्हा मिरची अशी आणतात की तिला तिखटपणा सोडून सगळं असतं. कोथिंबीर पिवळी. वांगी बियांची. “मला माज्या हातानं मिरची मोडून, वास घिऊन घ्यायचीय,” ती म्हणाली. “कुनाच्या मागं बसून न्हाई. मागं बसलं की घाई करत्यात.”

मग आम्ही घरापासून कालव्याच्या चारीपर्यंतच्या मातीच्या रस्त्यावर शिकवणी सुरू केली. मी शिकवायला चांगली आहे, कारण ओरडत नाही. आई सरळ छान चालवते. कंबर ताठ, नजर समोर, पदर खोचलेला. पण तिला वळवता येत नाही. चारीपर्यंत जायची, थांबायची, खाली उतरायची, दोन्ही हातांनी स्कूटी उचलल्यासारखी ढकलून तोंड घराकडे करायची, आणि पुन्हा बसून यायची. आणि तिच्या मागे बाटलीवरची कोकरं पळायची. त्यांच्या लेखी आई म्हणजे हीच. स्कूटीमागे तीन-चार कोकरं, त्यातल्या दोघांच्या अंगात माझी जीन. फडातले ऊसतोड करणारे कोयते थांबवून बघायचे.

“वळायचं तेवढं ऱ्हायलंय,” ती म्हणायची. “चार दिस सलग मिळालं तर हुईल.”

चार दिवस सलग मिळायचे नाहीत. बसली की कुणीतरी ओरडायचं. चार पायांचं किंवा दोन.

त्यामुळे अंगणातून तो फोन ऐकू आला तेव्हा मला हिशेब मांडावा लागला नाही. तीन एखादीला नाही, कळपभर. जीन आईबाप दोन्हीकडून आली तर तीन ही नेहमीची गोष्ट होते, हे मी वाचलेलं होतं. आई शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण तिला ते वाचावं लागलं नाही. तिनं दूध बाटल्यांत ओतलं आणि म्हणाली, “सड दोनच दिल्यात देवानं मेंढीला. तात्यांना कोन सांगनार.” मग माझ्याकडे बघून, “तू सांग की. शिकलीयास न्हवं.”

मी मान हलवली. ती हो होती की नाही, माझं मलाच माहीत नव्हतं.

सड, म्हणजे कोकरू दूध ओढतं तो कासेचा भाग. तो शब्दही माझ्या तोंडातून कधी निघालेला नाही. वस्तीवर बायका, म्हातारे, सोसायटीचे चेअरमन, सगळे तो शब्द ‘दार’ किंवा ‘बादली’ म्हणावा तसा वापरतात. गाय घ्यायची तर भर बाजारात पहिलं तेच विचारतात, सड चारी चालू हायती ना. पण आमच्या शाळेत शरीराचं सगळं इंग्रजीतून झालं. त्यामुळे त्याचं मराठी मला कायम उघडं वाटत आलंय. इंग्रजी शब्द पुस्तकात असतात. मराठी शब्द अंगावर असतात.

डबल जीनच्या घोषणेसाठी तात्यांनी मेळावा ठेवला. शेडपुढे मांडव, खुर्च्या, चहा, आणि ‘आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन’ असं फ्लेक्सवर. आंतरराष्ट्रीय म्हणजे कोलकात्याचे एक निवृत्त शास्त्रज्ञ. त्यांनी आयुष्य या मेंढीवर काढलेलं, आणि ते पुण्याला लेकीकडे आले होते. कोलकाता आपल्याच देशात आहे हे मी तात्यांना सांगणार होते. पण फ्लेक्स छापून झाला होता.

पाहुणे आले. बारीक, पांढरे केस, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. अंगणात शिरताच ते मांडवाकडे न जाता सरळ जीनवाल्याकडे गेले. त्याच्यापुढे उकिडवे बसले, त्याची हनुवटी धरली आणि बंगालीत हळू आवाजात काहीतरी बोलले. बराच वेळ. दूर गावी भाचा भेटावा तसे. जीनवाला, जो कुणालाच जवळ येऊ देत नाही, तो मान खाली घालून गप उभा राहिला.

मांडवातल्या माना तिकडे वळल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मंतारतोय.”

आबांनी उपरणं सावरलं. “म्हनलं न्हवतं, बंगाली हाय म्हून. आता चोवीस तासांत रिझल्ट.”

कार्यक्रमाचे अध्यक्ष कारखान्याच्या राजकारणातले एक आप्पा. ते उशिरा आले, मेंढीवर दोन वाक्यं आणि उसाच्या भावावर पुष्कळ बोलले, टाळ्या घेतल्या. मग पाहुणे उठले. हात जोडून म्हणाले, “मैं हिंदी में बोलता हूँ, सब समझेंगे.”

“नो नो सर!” तात्या उठलेच. “इंग्लिश. इंग्लिशच बोला. हिंदी काय, आमच्या फडात बी बोलत्यात. आमची पुतनी हाय ना, पहिलीपासून इंग्लिश मीडियम. ती सांगंल मराठीत.” आणि माझ्याकडे वळून, हळू, पण माइक चालूच होता, “चल मॅडम. फिया भरल्यात तुज्या.”

म्हणून मी माइकपाशी उभी राहिले. सगळ्यांना समजणारी भाषा सोडून पाहुणे एका भाषेत बोलणार, जी फक्त मला समजते; आणि मी ती अशा लोकांना सांगणार ज्यांच्यासमोर मी ‘आहे’सुद्धा म्हणत नाही. तात्यांना हे अत्यंत योग्य वाटत होतं.

पाहुणे बोलायला लागले. ही मेंढी पाण्यात कशी चरते, गावातल्या गरीब बायका घराच्या मागे दोन-चार कशा पाळतात, इतकी लहान असूनही त्या तिला कशा सोडत नाहीत. एकेक वाक्य ओल्या मातीतून उपटल्यासारखं मुळासकट येत होतं. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “ही मेंढी चांगली आहे.”

मांडव हसला. “एवढा येळ बोलला आन् एवढंच?” कुणीतरी ओरडलं. “बाकीचं आतमदी हाय, जीनमदी,” आबा म्हणाले.

पुढचं थोडं बरं गेलं. मूळ बंगालचं, हे मी सांगितलं. तात्या मागून कुजबुजले, “ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रेलिया म्हन.” मी म्हणाले, “काही ऑस्ट्रेलियाला गेल्या.” तात्यांनी समाधानानं मान डोलावली. म्हणजे आमचं दोघांचंही खरं झालं.

मग तात्यांनी स्वतः माइक घेतला आणि जाहीर केलं की पुढच्या हंगामात आपल्या फार्मवर डबल जीन येणार. मग त्याच्या लेकींना एकेकीला तीन. टाळ्या पडल्या. आप्पांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. “इचार पाव्हण्यांना,” तात्या मला म्हणाले, “घ्यावा का डबल? त्यांच्या तोंडून हू दे.”

मी विचारलं. पाहुण्यांनी चष्मा काढला. शेडकडे पाहिलं. तिथं दाराशी आई उकिडवी बसली होती. मेळावा असो की काही असो, कोकरांची वेळ झाली होती. दोन हातांत दोन बाटल्या, तिसरी गुडघ्यांत, पदर डोक्यावरून घसरलेला, आणि कार्यक्रमाकडे तिची पाठ. तिच्या पलीकडे स्कूटी. तिचं तोंड चारीकडं होतं. सकाळी आई तेवढी तयारी करून बसली होती.

पाहुण्यांनी मला विचारलं, या कोण?

मी म्हटलं, “माय मदर.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग माइककडे वळून हळूहळू, एकेक शब्द सुटा ठेवून बोलले. मला सोपं जावं म्हणून असेल. मेंढी किती पोसू शकते ते तिच्या अंगावर लिहिलेलं असतं, ते म्हणाले. त्यापुढचं जे असतं ते कुणालातरी हातानं करावं लागतं, म्हणून घेण्याआधी घरातल्या त्या माणसाला विचारा. आणि मेंढीच्या अंगावर काय लिहिलेलं असतं, तो आकडा आणि तो शब्द, तेही त्यांनी इंग्रजीत सांगितलं. पुस्तकातला, स्वच्छ, कुणालाच न लागणारा शब्द.

मांडव माझ्याकडे बघत होता. “काय म्हनलं?” तात्या म्हणाले. “घ्या म्हनलं न्हवं?”

मला वाटेल ते सांगता आलं असतं. तिथं तपासणारं कुणी नव्हतं. ‘विचार करून घ्या’ म्हणता आलं असतं, किंवा ‘मेंढी चांगली आहे’. हसून लोक चहाला उठले असते. आईनं एक बाटली संपवली, कोकराचं तोंड पदरानं पुसलं आणि मागच्याला पुढं ओढलं. तिनं वळून पाहिलं नाही. तिला यातून काही निघेल असं वाटतच नव्हतं, म्हणून तिनं पाठ केली होती.

माइक तोंडाच्या फार जवळ होता, माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू येत होता.

“मेंढीला सड दोनच हायती,” मी म्हणाले. “तिसऱ्याला आई पाजती. आमची आई.”